रुखवतातला कम्प्युटर

गीतांजली मयेकर आमच्या समोरच्या दारात राहायची. नेरूळला सिडकोच्या चार मजली बिल्डिंगी आहेत, त्यांतल्याच एकीत, तिसऱ्या मजल्यावर. दारं अशी समोरासमोर, की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक आम्हाला यायची. मी विजयमाला, साताऱ्याकडची. आमचे हौसेराव तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, मी घरी शिलाई करते. माझं तोंड जरा फाटकं आहे, ते सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तेव्हा गोड गोड ऐकायचं असेल तर दुसरं दार वाजवा.

मयेकरांच्या दोन मुली. थोरली नंदिनी गोरी, नाजूक, पेटीवर गाणं म्हणणारी. धाकटी ही गीतांजली सावळी, हाडापेराने दणकट, चालताना चप्पल फटफट वाजवणारी. वडील सुभाषराव बेलापूरला सरकारी कचेरीत क्लार्क. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून सुरुवात करायचे आणि हुंड्याच्या पद्धतीवर येऊन थांबायचे. "मी माझ्या मुलींच्या लग्नात एक पै हुंडा देणार नाही," असं दर मीटिंगला सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे, आणि टाकी तशीच गळत राहायची.

गीतांजली बारावी झाली, टायपिंग शिकली आणि तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या ऑफिसात लागली. बिलं टाईप करायची. तिथं कम्प्युटर होता. तो बिघडला की बाहेरून माणूस यायचा, डबा उघडायचा, आणि ही हातातलं काम सोडून त्याच्या शेजारी उभी राहायची. "जा मॅडम, चहा घ्या," तो म्हणायचा. ही जायची नाही. आमच्या घरात कोणी गवंडी आला तर मी त्याच्या डोक्यावर उभी राहते, तो सिमेंट चोरेल म्हणून. ही बघायला उभी राहायची. एवढाच फरक.

तर झालं काय, मी वाशीला लेस आणि अस्तर आणायला निघाले, ही माझ्याबरोबर आली. तिथं गेमचं एक दुकान होतं. काळी काच, आत अंधार, पोरांचा कल्ला आणि पडद्यावर पळणाऱ्या गाड्या. ही दारात थबकली. थबकली म्हणजे पायच उचलेना. म्हटलं जा, खेळ एक डाव, मी थांबते. पर्समधून नोट काढून आत गेली, आणि मी पिशवी या हातातून त्या हातात घेईपर्यंत बाहेर. कान लाल झालेले.

"काय झालं गं?"

"तो म्हणाला, इधर लेडीज नहीं. पोरं हसली."

मी म्हटलं चल, त्याला दाखवते लेडीज काय असते ते. तिनं माझा दंड धरला. "राहू द्या काकू. त्याच्याकडे तरी काय आहे? कम्प्युटरच ना? मी माझा करते."

"करते म्हणजे? ते काय थालीपीठ आहे?"

"तसंच असतं जवळजवळ," ती म्हणाली.

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, बसमध्ये बसली की विसरेल. पण नाही विसरली.

शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल ते, म्हणजे सत्त्याण्णवच. तेव्हा नवा कम्प्युटर घ्यायचा म्हणजे सुभाषरावांचा अख्खा पगार महिनोन्‌महिने बांधून ठेवायला हवा होता. आणि हिचा पगार तर पाकिटासकट उज्वलावहिनींच्या, म्हणजे हिच्या आईच्या, हातात जायचा. नंदूच्या लग्नाला म्हणून. हिच्या हाताला लागायचं ते बसभाडं. मग हिनं काय करावं? नावड्याच्या फाट्यावर बसमधून उतरून पुढं कंपनीपर्यंत टमटम असायची, ती सोडली. उन्हात चालत जायची, चालत यायची. ते वाचलेले पैसे आणि वाटेवरचं भंगारचं दुकान, एवढ्यावर हिचा कम्प्युटर उभा राहायचा होता.

भंगारवाला गोटीराम, तिथलाच गावकरी. तळोज्याच्या कंपन्यांमधून मोडकी पिंपं, वायरी, पंखे यायचे, त्यातच कधीतरी हे डबे. आधी त्याला वाटलं पोरगी चक्रम आहे. मग तोच बाजूला काढून ठेवायला लागला. "पोरी, यो बग, कालच आयलाय. तुज्या कामाचा हाय का?" असं लांबूनच ओरडायचा. वजनावर द्यायचा, लोखंडाच्या भावानं. हिरव्या पाट्या, चपट्या वायरी, कसल्या कसल्या पट्ट्या. ती ते सगळं कापडी पिशवीत घालून आणायची आणि आमच्या घरात काढायची, कारण तिच्या घरात आई काढू द्यायची नाही. माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर ब्लाउजपिसाच्या शेजारी तो कचरा. जुन्या टूथब्रशनं धूळ झाडायची आणि पोरं वापरतात त्या खोडरबरानं पट्ट्यांचे पितळी दात घासत बसायची. मी म्हणायची, "अगं, भांडी घासावीत तशी काय घासतेस?"

"गंज असतो काकू. गंज गेला की बोलायला लागतात."

बरंचसं बोललं नाही. मेलेलं ते मेलेलंच निघालं. ते ती परत गोटीरामला नेऊन द्यायची आणि तो मुकाट्यानं बदलून द्यायचा. असं करत करत, एकाचा हात, दुसऱ्याचा पाय, तिसऱ्याचं डोकं, असं जमत गेलं. पडद्याचा टीव्हीसारखा डबा मिळाला तो एवढा जड की आमच्या हौसेरावांना न्यावं लागलं. शंभर किलोची गोणी पाठीवर टाकणारा माणूस, पण तो डबा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून तीन जिने चढला. वर येऊन म्हणाला, "गोणी परवाडली. हे फुटंल म्हनून जीव निस्ता टांगनीला."

अडलं ते एका कार्डापाशी. गेम खेळायचा तर चित्रं भराभर हलवणारं एक वेगळं कार्ड लागतं म्हणे, आणि ते तेव्हा नवंच निघालेलं. भंगारात कुठून येणार? ते लॅमिंग्टन रोडला मिळायचं, आणि त्याला खरे पैसे लागायचे. गीतांजलीनं आजीनं दिलेले चांदीचे पैंजण मोडले. जाड, घुंगरांचे होते. कोणाला विचारलं नाही. घरी कळलं तेव्हा उज्वलावहिनींनी जो आवाज काढला तो खालच्या वाण्यानं ऐकला असेल. "घोडी झालीस, आणि पैंजण मोडून खेळणं आणलंस! कोण करणार तुझ्याशी लग्न?" गीतांजली कार्डाची पेटी पोटाशी धरून आमच्याकडे आली. रडली नाही. नुसती म्हणाली, "काकू, पैंजण मला कधी आवडलेच नाहीत. पण ते माझे होते ना?"

"तुझेच होते," मी म्हटलं.

शेवटी राहिला बाहेरचा डबा. तोही नवा महाग. मी माळ्यावरून माझी ट्रंक काढून दिली. माझ्या लग्नातली, गुलाबाची फुलं रंगवलेली, आणि झाकणावर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं, सौ. विजयमाला हौसेराव शेडगे, मु. पो. पाटण. हौसेरावांनी मार्केटातल्या वेल्डरकडून तिला मागं एक मोठं गोल भोक पाडून आणलं, पंख्यासाठी, आणि बाजूला बारकी बारकी. माझ्या लग्नाची पेटी, तिची चाळणी केली. पण खरं सांगते, मला बरं वाटलं. साड्या ठेवून ठेवून काय झालं असतं तिचं?

रविवारी दुपारी चालू केला. उज्वलावहिनींनी एक कोपरा दिला होता, तोही कपाळाला आठ्या घालून. बटण दाबलं तर नुसतं पी-पी-पी. गीतांजलीनं एक पट्टी काढली, खोडरबरानं घासली, पदरानं पुसली, परत बसवली. मग पंखा घरघरला आणि पडदा उजळला. जरा हिरवट होता. त्यावर रस्ता आला, बाजूनं झाडं, आणि मधोमध लाल गाडी. आणि ही पोरगी, जी रस्त्यानं मान खाली घालून चालते, ती काय सुटली म्हणता! डाव्या वळणावर स्वतःही डावीकडे झुकायची. तिचा चेहरा मी तसा आधी कधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. सुभाषरावसुद्धा पेपर खाली ठेवून बघत होते.

मग मला बसवलं. मी गाडी थेट समुद्रात घातली. "आगं, ब्रेक मार की!" हौसेराव मागून ओरडले. ब्रेक कुठला ते कोणाला ठाऊक? हसून हसून पोट दुखलं.

शर्यत संपली की तो कम्प्युटर नाव विचारायचा. सगळ्यांत कमी वेळेत पोचेल त्याचं नाव सगळ्यांत वर राहायचं. हिनं इंग्रजीत टाकलं, गीता. ते नाव मग कधी खाली आलंच नाही. बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं यायची, बाह्या सरसावून बसायची आणि हरून जायची. हिचा जीव त्यात होता. कामावरून चालत येऊन, भाकऱ्या थापून, धुणं वाळत घालून मग ती तिथं बसायची, तासभर. तेवढा तास तिचा.

लोक विचारायचे, कशाला गं केलास एवढा खटाटोप? ती सांगायची, "खेळायला." अगं बाई, काहीतरी थाप मार. शिकायला म्हण, नोकरीत बढतीसाठी म्हण. पण नाही. खोटं बोलायचं तिला सुचतच नसे. आपल्याकडे बाईनं कशासाठीही काहीही करावं, पण खेळण्यासाठी करू नये. हे मला न शिकता कळलेलं, तिला शिकून कळलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नंदिनीचं जमलं. मुलगा आशुतोष सुर्वे, पनवेलचा, विम्याच्या कामात. याद्या करायला मंडळी मयेकरांच्या घरी आली. वहिनींच्या मदतीला मी पोह्यांच्या बशा भरत होते, म्हणून सगळं या कानांनी ऐकलं. मुलाचे वडील दिनानाथराव खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "हे बघा मयेकर, आम्हाला हुंडाबिंडा काही नको. मुलगी आणि नारळ." सुभाषरावांची छाती अशी फुगली! सोसायटीच्या मीटिंगला सांगायला विषय मिळाला.

तेवढ्यात विहीणबाईंचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "अगंबाई, हे काय? पेटीत काय ठेवलंय?"

"कम्प्युटर आहे," सुभाषराव म्हणाले. "आमच्या गीतांजलीनं घरी केलाय, स्वतः." हेही अभिमानानंच बोलले, ते खोटं नाही.

आशुतोष उठून बघायला गेला. "वा! मला कामासाठी असाच घ्यायचा होता."

विहीणबाईंनी गीतांजलीला जवळ बोलावलं. "काय करतेस गं यावर? शिकतेस काही?"

वहिनी दाराआडून डोळ्यांनी खुणावत होत्या. मीही हातातली बशी आपटली. पण ही सरळच.

"नाही. गेम खेळते."

विहीणबाई हसल्या, मोठ्यानं. "खेळतेसच ना नुसती? आमच्या आशूच्या मात्र कामाचा आहे हो. अहो, रुखवतात काय शोभून दिसेल! हल्ली जिथं जावं तिथं रुखवतात तेच, मण्यांची तोरणं आणि क्रोशाचे रुमाल. कम्प्युटर कुणाच्याच नसतो. आम्ही मागत नाही हं, आपलं सुचलं ते बोलले."

मागत नाही म्हणे! मागत नाही म्हणत दुसऱ्याच्या तोंडचा घास ओढणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. ज्यांना आपल्याकडच्या लग्नांची माहिती आहे त्यांना सांगायला नको, रुखवत म्हणजे नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूंची मांडणी. हॉलमध्ये टेबलावर मांडायची, सासरच्या बायकांनी बघायची, नावाजायची. आणि संध्याकाळी ती सगळी गाठोड्यात बांधून नवरीबरोबर सासरी जाते. एकदा मांडलेली वस्तू परत यायची नाही.

मंडळी गेली आणि घरात जुंपली. आमचं दार उघडंच होतं, त्यांचंही.

"बाबा, ती माझी वस्तू आहे," गीतांजली म्हणत होती.

"घरात माझंतुझं असतं का? आणि हा काही हुंडा नाही. रुखवत ही मुलीकडच्यांची हौस असते."

"हौस माझी होती."

"मोठी आली! नोकरीचं काही असतं, अभ्यासाचं असतं, तर मीच म्हटलं असतं राहू दे," वहिनी म्हणाल्या. "तू तर स्वतःच्या तोंडानं सांगितलंस ना, खेळते म्हणून? मग खेळण्यापायी बहिणीचं लग्न मोडू?"

"त्यात माझे पैंजण आहेत, आई."

"तेच म्हणते मी. पैंजण असते तर नंदूच्या पायात घातलेच असते ना आपण? तसंच समज."

मला राहवेना. उंबऱ्यात जाऊन म्हटलं, "भावजी, मीटिंगमध्ये एक आणि घरात एक, असं कसं? अहो, हुंडा नोटांचाच असतो का?" सुभाषरावांनी चष्मा काढला. "विजयावहिनी, आमच्या घरातलं आम्ही बघू." मी म्हटलं बघा, पण पेटी माझी आहे. दुसऱ्या दिवशी वहिनी वाटीभर लाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पेटी राहू द्या हो, वरून मखमल टाकू. नंदू तुमचीच ना?" आता लग्नघरात जाऊन माझी पेटी द्या म्हणून कोण भांडणार? तोंड माझं फाटकं आहे, पण इतकंही नाही.

गीतांजलीला मी एकदा जिन्यात गाठलं. "तू ते तुझं कार्ड काढून ठेव गुपचूप. त्यांना काय कळतंय, आहे का नाही ते?"

"पेचकस घेऊन बसले होते काकू," ती म्हणाली. "ताई आली. म्हणाली, गीतू, तिकडे बंद पडला तर मला ऐकवतील गं. जन्मभर ऐकवतील."

"मग?"

"मग काय? सगळे स्क्रू आवळून ठेवले."

म्हणजे बघा. काढून घ्यायला बसली होती, ती उलट धूळ पुसून, वायरी तपासून, नीट चालेल असा करून उठली. मला नंदिनीचा राग आला होता. पण तिचंही काय चुकलं? तिला जायचं होतं त्या घरात.

लग्न वाशीच्या हॉलमध्ये झालं. रुखवताच्या टेबलावर साखरेच्या खड्यांचं तुळशीवृंदावन, सजवलेले नारळ, बाहुल्यांचे नवरानवरी, आणि मधोमध माझी ट्रंक, जांभळ्या मखमलीत गुंडाळलेली. तिच्यावर पडद्याचा डबा, त्याला हार. पुढं सोनेरी अक्षरांचं कार्ड, "चि. सौ. कां. नंदिनीने स्वहस्ते तयार केलेला संगणक." हे ज्यानं लिहिलं त्याचा हात कसा झडला नाही? पण सुभाषरावांनीच लिहिलं होतं. अक्षर चांगलं त्यांचं.

बायका आल्या, बघून गेल्या. बहुतेकींना साखरेची तुळस आवडली. एकीनं नंदिनीला विचारलं, "खरंच तू केलास गं हा?" नंदिनीनं मान खाली घातली आणि हसली. गीतांजली टेबलाच्या मागंच उभी होती, पोरांनी साखरेला हात लावू नये म्हणून तिला तिथं ठेवलं होतं. मी त्या बाईला म्हटलं, "धाकटीनं केलाय. ही काय, समोर उभी आहे." ती बाई हिला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "धाकटीनं? मग तिच्या लग्नात मांडायचा होता." आणि गेली पुढं.

संध्याकाळी टेम्पो भरत होते. गीतांजली धावत खाली आली. "भाऊजी, चालू असताना झाकण उघडं ठेवा हं. नाहीतर तापतो."

"हो हो," आशुतोष म्हणाला. तो टेम्पोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करत होता, त्यानं मानही वळवली नाही.

नंतर ती तशी ठीक होती. कामावर जायची, यायची. आता फाट्यावरून टमटमनं जायला लागली. कोपऱ्यात वहिनींनी मनीप्लांट ठेवला. मी एकदा म्हटलं, दुसरा कर. गोटीराम आहे, मी आहे, हौसेराव आहेत. ती म्हणाली, "केला की परत कुणाचं तरी लग्न निघेल, काकू. आता तर माझंच." हसून बोलली, पण मला ते हसणं सहन झालं नाही.

नंदिनीचं डोहाळजेवण सुर्व्यांनी पनवेलला केलं. मी आणि गीतांजली फुलांची वाडी घेऊन गेलो. बाहेरच्या खोलीत नंदिनीचा धाकटा दीर वरद बसलेला, इंजिनिअरिंगला होता तो. समोर नवा पांढरा कम्प्युटर, आणि पडद्यावर तोच रस्ता, तीच झाडं, तीच लाल गाडी. गीतांजली फुलांची परडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. वाशीच्या दुकानाच्या दारात राहिली होती ना, तशी.

"हा कुठला?" तिनं विचारलं.

"नवीन घेतला दादानं. जुन्या पेटीतलं एक कार्ड आणि गेम भरलेली डिस्क बरी होती, ती काढून यात घातली. बाकी सगळं भंगार होतं. कार्ड मात्र मस्त आहे, गेम मक्खन चालतो." मग तिला समजावून सांगायला लागला, कार्ड म्हणजे काय, त्याचं काम काय. ही ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होते, आता बोलेल, आता बोलेल. शर्यत संपली, नावं आली. सगळ्यांत वर इंग्रजीत, गीता. मलासुद्धा तेवढं इंग्रजी वाचता येतं.

"हे कोण?" मीच विचारलं. मुद्दाम.

"ते? ते आधीपासूनच असतं मावशी. गेम बनवणारे टाकून ठेवतात, एक खोटं नाव. एवढ्या कमी वेळात खरा माणूस पोचूच शकत नाही."

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगते, पुढचं सगळं जिभेवर आलं होतं. गीतांजलीनं माझा दंड धरला, घट्ट. मग वरदला म्हणाली, "एक डाव देतोस मला?"

तो जरा सरकलाही असता. पण आतून विहीणबाईंची हाक आली. "गीतांजली, अगं ये ना आत, भज्यांचा घाणा कोण काढणार? त्याला खेळू दे, परीक्षा संपलीय बिचाऱ्याची."

ती आत गेली आणि घाणा काढला. ओटी भरली, पंगत वाढली, नंदिनीला पेढा भरवला. नंदिनीनं तिचा हात धरला होता, सोडत नव्हती. निघताना विहीणबाई म्हणाल्या, "ती पेटी तेवढी न्या हो, गॅलरीत नुसती अडचण." माझी ट्रंक, मखमल कुठं गेली देव जाणे, झाकणावर कुंड्यांची माती. माझं नाव मात्र तसंच होतं, पाटणसकट. दोघींनी दोन कड्या धरल्या आणि बसस्टॉपपर्यंत आणली. रिकामी होती, पण हाताला रग लागली.

"तू बोलली का नाहीस?" मी बसमध्ये विचारलं.

"ताईचा आठवा लागेल आता," ती म्हणाली. मग झाकणावरची माती झाडत म्हणाली, "तुमची वस्तू तरी मिळाली, काकू."

काय मिळालं? ती ट्रंक आता आमच्या माळ्यावर आहे. मागच्या भोकातून उंदीर शिरतात, म्हणून साड्या ठेवता येत नाहीत. हौसेराव म्हणतात टाकून दे. मी टाकत नाही.

नव्व्याण्णवमध्ये गीतांजलीचं लग्न ठरलं. मोऱ्याला दिली, उरणजवळ. नवरा तिथल्या धक्क्यावर लाँचच्या तिकिटांवर. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणाले, चांगला आहे असं कोणी म्हणालं नाही. रुखवताची वेळ आली तशा उज्वलावहिनी तिच्या मागं लागल्या, "गीतू, काहीतरी कर ना स्वतःच्या हातानं. तुझा हात तर किती चांगला!"

"विकत आणा," ती म्हणाली. एवढंच.

आणलं. तोरणं, रुमाल, मोत्यांचा गणपती, साखरेची तुळस, सगळं दुकानातलं. एका वस्तूला तर मागं किमतीची चिठ्ठी तशीच होती, ती मी नखानं खरवडून काढली. सुभाषरावांनी पुन्हा सोनेरी अक्षरात कार्ड लिहिलं, "चि. सौ. कां. गीतांजलीने स्वहस्ते केलेले रुखवत." मोऱ्याच्या बायका येऊन बघायला लागल्या. वाकून वाकून बघत होत्या. एक म्हातारी तो मोत्यांचा गणपती हातात घेऊन गीतांजलीपाशी गेली, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "काय सुबक हात हाय पोरीचा! खरंच तूच केलास गो?"

मी तिच्या मागंच उभी होते. म्हटलं, आता तरी बोल, गीते. आज तुझं लग्न आहे, आज कोण काय करणार तुला?

गीतांजलीनं मान खाली घातली आणि हसली. नंदिनी हसली होती ना, अगदी तशीच.